गोकाकचा धबधबा : पाहणी आणि पारख

'दुरून डोंगर साजरे' ही म्हण आपण सारेच वापरतो. परंतु डोंगराच्या जवळ जाऊन तो खरोखर किती साजरा आहे, हे मोजून पाहण्याचा प्रसंग फार थोड्यांवर येतो. आमच्यावर तो आला, आणि घरातल्याच एका माणसामुळे आला.

आमचा पुतण्या खानापूर तालुक्यातील एका खेड्यात राहतो. वाडवडिलांपासून चालत आलेली भाताची जमीन, काजूची काही झाडे आणि दोन दुभत्या म्हशी एवढा त्याचा संसार. वडील लवकर गेले. तेव्हापासून आमच्या वहिनींनी ते शेत आणि ते पोर दोन्ही सारख्याच काळजीने वाढविले. ऑगस्ट महिन्यात एके दिवशी तो बेळगावास आमच्या घरी आला, चहा पुढे येण्याआधीच खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला,

"काका, ओढ्याकाठचे शेत विकायचे म्हणतो."

आम्ही काही क्षण बोललोच नाही. आमच्या वडिलांनी पहिली काही वर्षे त्या शेतातून नुसते दगडच काढले होते. तो दगडी बांध अजून तिथे उभा आहे.

"विकून करणार काय?"

"गोकाकच्या धबधब्याच्या वाटेवर जागा मिळते आहे. चार खोल्या बांधीन, खाली खाणावळ घालीन. पावसाळ्यात तिथे माणसे नुसती लोटतात. दूधसागराच्या पायी कुळ्याच्या लोकांना कसा रोजगार मिळाला, ते तुम्हीच मला सांगितले होते ना?"

सांगितले होते खरे. आपले शब्द आपल्याच दाराशी असे परत येतात! वहिनींचा निरोपही त्याच्याच तोंडून आला होता: "काका जे ठरवतील ते मला मान्य आहे." म्हणजे ओझे आमच्याच खांद्यावर. आम्ही पुतण्याला एवढेच म्हणालो, "शेत तुझे आहे, पण विकण्यापूर्वी एकदा जाऊन धबधब्याची पारख करू. बैल घेतानाही आपण दात पाहतोच की!"

पारख कशी करावी?

निसर्गस्थळांची अशी पारख करण्याचे आता एक शास्त्रच झाले आहे. नुसती शोभा पाहण्यासाठी नव्हे, तर खडक, कडे, दऱ्या आणि भूमी यांची जन्मकथा समजून घेण्यासाठी केलेल्या प्रवासास भूपर्यटन असे नाव मिळाले आहे. इंग्लंडमधील थॉमस होज या अभ्यासकाने १९९५ साली या कल्पनेची व्याख्या केली. पुढे २०१५ साली युनेस्कोने जागतिक भूउद्यानांची योजना अधिकृतपणे स्वीकारली. तिचा मुख्य आग्रह असा की, भूमीचा वारसा राखावा, तो लोकांस शिकवावा, आणि त्यापासून त्या भूमीवर राहणाऱ्या माणसांस चार पैसे मिळावेत. या तिन्हींतले एकही वगळून चालत नाही.

एखाद्या स्थळास गुण देताना अभ्यासक निरनिराळे तक्ते वापरतात. परंतु त्या सर्वांचा मथितार्थ आम्ही पुतण्याच्या वहीत पाच प्रश्नांत उतरविला. पहिला, येथील खडकास सांगण्याजोगी कथा आहे काय, आणि ती दुर्मिळ आहे काय? दुसरा, ते स्थळ अभंग राहिले आहे, की माणसाने ते विद्रूप केले आहे? तिसरा, तेथे सुखरूप पोहोचता येते काय? चौथा, वर्षातील किती दिवस ते पाहण्याजोगे असते? आणि पाचवा, आलेला पाहुणा आपला पैसा कोठे खर्च करतो? आमच्या सौभाग्यवती शेजारी तांदूळ निवडीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सहावा प्रश्नही लिही रे. बायकामुलांना जायला आडोशाची, स्वच्छ जागा आहे काय? ती नसेल तर तुमचे बाकीचे पाच प्रश्न पुरुषांपुरतेच." सहावा प्रश्न निमूटपणे लिहून घेण्यात आला.

वाटेवरची माती

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी पहिली मिस्सा आटोपून आम्ही तिघे निघालो. बेळगावाहून गोकाकचा धबधबा सुमारे साठ किलोमीटर. आगगाडीने जाणाऱ्यांस मिरज-लोंढा मार्गावरील घटप्रभा स्थानक सोयीचे आहे.

वाचकहो, ही वाट डोळे उघडे ठेवून चालावी अशी आहे. बेळगावची माती तांबडी, जांभ्या दगडाची. आपल्या भागातील कितीतरी जुनी घरे याच चिऱ्यांनी बांधलेली आहेत. पुढे काळी माती लागते. ती ज्या खडकापासून झाली, तो सह्याद्रीचा काळा कातळ होय. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून तप्त रस थरावर थर वाहत आला आणि निवून त्याचा हा कातळ झाला. परंतु गोकाक जवळ येऊ लागले, की टेकड्यांचा रंग आणि आकार पालटतो. माथे सपाट, कडे उभे, आणि दगड पिवळसर-तांबूस. हा वालुकाश्म, म्हणजे वाळूचा दगड होय. त्याच्या कित्येक थरांत वाळूचे कण इतके घट्ट सांधले गेले आहेत, की हातोडीचा घाव मारला तर ठिणगी उडावी.

हे वाळूचे दगड कलादगी या गावाच्या नावाने ओळखले जाणाऱ्या खडकसमूहातले. रॉबर्ट ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञाने बैलगाडीच्या त्या काळात हा सारा प्रदेश पायाखाली घातला आणि १८७६ साली दक्षिण मराठा देशाच्या भूरचनेवर आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. हे खडक सह्याद्रीच्या काळ्या कातळाहून कितीतरी पटींनी जुने. भूमीवर अद्याप गवताचे पातेही उगवले नव्हते, तेव्हा उथळ पाण्याच्या काठी साचलेली ही वाळू आहे. वाटेत एका ठिकाणी आम्ही गाडी थांबविली. रस्त्याकडेच्या एका फरशीवर बारीक बारीक वळ्या दिसत होत्या. ओहोटीनंतर समुद्राच्या वाळूवर जशा राहतात, अगदी तशाच. पुतण्याने त्यावरून बोटे फिरविली.

"काका, ही तर पाण्याची खूण!"

"होय. लाट गेली आणि तिची खूण तेवढी राहिली."

तो बराच वेळ तिथून उठला नाही. पहिल्या प्रश्नापुढे त्याने वहीत काय लिहिले ते आम्ही त्या वेळी पाहिले नाही.

घटप्रभेची उडी

घटप्रभा नदी चंदगडकडच्या सह्याद्रीत उगम पावते, पूर्वेस वाहत येते आणि पुढे कृष्णेस मिळते. गोकाकजवळ ती वालुकाश्माच्या पठारावरून वाहत असता एकाएकी पायाखालची जमीनच संपते, आणि ती सुमारे बावन्न मीटर, म्हणजे एकशे सत्तर फूट, खाली झेप घेते. कड्याचा आकार घोड्याच्या नालासारखा असून धारेची रुंदी पूर आला असता पावणेदोनशे मीटरांहून अधिक भरते.

आधी ऐकू आला तो आवाज. नंतर हवेत दमटपणा आला, आणि मग एका वळणावर ते दृश्य समोर उभे राहिले. पाणी दुधासारखे पांढरे असेल अशी कोणाची कल्पना असेल तर ती येथे सोडून द्यावी. पावसाळ्यातली घटप्रभा मातीच्या रंगाची असते. गुळाच्या पाकाचा धबधबा कोसळावा तशी ती दिसते. खाली दरीत तुषारांचा ढग सतत उठत असतो. बोलणे बंद झाले. सौभाग्यवतींनी पदर डोक्यावरून घेतला आणि त्या नुसत्या पाहत राहिल्या.

नाल का पडला, हे समजून घेण्यासारखे आहे. पाणी कड्यावरून पडताना वरच्या कठीण थरास सहजासहजी झिजवू शकत नाही. परंतु दगडातील उभ्या भेगांत ते शिरते, पायथ्याशी आदळून तेथील आधार पोखरते, आणि मग वरची शिळा आपल्याच भाराने कोसळते. असे युगानुयुगे चालले, म्हणून कडा हळूहळू नदीच्या उगमाकडे मागे सरकत जातो. मध्यभागी प्रवाह जोराचा, म्हणून तेथे तो अधिक मागे सरकला आणि कडेला कमी. त्यातून नालाचा आकार झाला. धबधब्याखालची ती खोल घळ म्हणजे त्याने मागे सोडलेली वाटच होय.

अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवरील नायगाराशी गोकाकची तुलना वारंवार केली जाते. उंचीत तुलना चुकीची नाही. तेथील नालाकृती धबधबा सुमारे सत्तावन्न मीटर आहे. परंतु रुंदीत आणि बारमाही पाण्यात गोकाकने त्याच्या पंक्तीस बसू नये. उसने मोठेपण घेऊन स्पर्धा जिंकता येत नाही, हे पारख करणाऱ्याने आरंभीच मनाशी पक्के करावे. गोकाकपाशी आपले स्वतःचे असे पुष्कळ आहे.

काठावर चालुक्यकालीन देवालये आहेत. दरीवर सुमारे दोनशे मीटर लांबीचा झुलता पूल आहे. तो आम्ही दुरूनच पाहिला. काठावरची कापडगिरणी आणि या धबधब्याच्या बळावर येथे सुरू झालेली वीजनिर्मिती, यांमुळे आपल्या देशातील उद्योगाच्या इतिहासातही या जागेस मान आहे. आणि आणखी एक गोष्ट, जी ऐकून आमच्या पुतण्याने आमच्याकडे अविश्वासाने पाहिले. फूटसाहेबांना गोकाकच्या परिसरात नदीनाल्यांच्या जुन्या गाळात गेंड्याची हाडे सापडली! १८७४ साली त्यांनी त्या लुप्त प्राण्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्यास दख्खनचे नाव दिले. आज जेथे जोंधळा आणि ऊस उभा आहे, तेथे एके काळी गेंडे चरत होते.

"आणि हे इथे कुणी सांगत का नाही?" पुतण्याने विचारले.

आम्ही सभोवार पाहिले. कणसे भाजणारे होते, फुगे विकणारे होते, छायाचित्रे काढून घेणारी तरुण मंडळी होती. गेंड्याची गोष्ट सांगणारा मनुष्य किंवा फलक आम्हांस कोठे आढळला नाही.

दुसरी बाजू

येथवर वहीतील गुण चढते होते. आता उतरते पाहू.

घटप्रभेवर वरच्या अंगास हिडकलचे मोठे धरण आहे, आणि पाटबंधाऱ्याची जुनी व्यवस्थाही आहे. त्या पाण्यावर हजारो शेतकऱ्यांची पिके उभी राहतात. त्यास कोणी नाव ठेवू नये. परंतु त्याचा अर्थ असा, की पावसाळा सरला म्हणजे कड्यावरून पडणारे पाणी क्षीण होते, आणि उन्हाळ्यात तर कातळच उघडा पडतो. नायगाराचेही बरेचसे पाणी विजेसाठी वळविलेले आहे. परंतु १९५० साली अमेरिका आणि कॅनडा यांनी करार करून, प्रवाशांच्या हंगामात दिवसा सेकंदाला किमान एक लक्ष घनफूट पाणी धबधब्यावरून सोडलेच पाहिजे असे ठरवून घेतले. आपल्याकडे असा करार मागणे शोभणार नाही. उसाच्या तोंडचे पाणी काढून पाहुण्यांच्या डोळ्यांस देणे कोणत्या शेतकऱ्यास रुचेल?

आम्ही पुतण्यास हिशेब घालायला सांगितले. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर या तीन महिन्यांत रविवार तेरा. वर्षाचे रविवार बावन्न. म्हणजे एकोणचाळीस रविवार खोल्या रिकाम्या. परंतु कर्जाचे व्याज बावन्न आठवडे चालू. शिवाय नदी कधी उग्र रूप धारण करील याचा नेम नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात घटप्रभेचे पाणी गोकाक शहरात शिरले आणि लोकांचे संसार वाहून गेले, ही आठवण तेथे अजून ताजी आहे.

दुसरी गोष्ट आम्ही त्याला तेथेच, वाहनतळावर, डोळ्यांनी दाखविली. आम्ही तासभर उभे राहून आलेल्या मंडळींशी गप्पा केल्या. कोणी बेळगावचे, कोणी संकेश्वरचे, कोणी निपाणीचे. "मुक्काम कोठे?" या प्रश्नावर प्रत्येकाने हसून तेच उत्तर दिले: "मुक्काम कशाला? संध्याकाळी घरी!" स्थळ जवळ असणे हा तिसऱ्या प्रश्नात गुण आहे, पाचव्या प्रश्नात तोच दोष ठरतो. भाकरी घरून बांधून आणणाऱ्यास खोलीची गरज नसते.

"मग दूधसागराचे काय?" पुतण्याने नेमका प्रश्न विचारला.

दूधसागराचा धबधबा सुमारे तीनशे दहा मीटर उंचीचा, चार टप्प्यांनी उतरणारा, मांडवी नदीचा. पावसाळा सरल्यावर पाहुणे कुळ्याला येतात आणि तेथून ओढे ओलांडीत, अभयारण्यातून, स्थानिकांच्या जीपगाड्यांतून जातात. रस्ता थेट धबधब्याशी जात नाही, म्हणूनच जीपवाल्याचे घर चालते. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर मालपेसमोर सेंट मेरी बेटे आहेत, तेथेही हाच न्याय. वास्को द गामा १४९८ साली तेथे उतरला आणि त्याने पवित्र मरियेचे नाव त्या बेटांस दिले, अशी परंपरा आहे. तेथील षट्कोनी, पंचकोनी खडकांचे खांब पाहून कोणी कारागिराने तासून रचले असावेत असे वाटते. ते सुमारे आठ-नऊ कोटी वर्षांपूर्वीचे असून, मादागास्कर भारतापासून विलग झाला त्या घडामोडींचे साक्षीदार मानले जातात. ते राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे, आणि २०२५ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीतही त्या बेटांचे नाव घातले गेले. तेथे नावेवाचून जाता येत नाही, म्हणून नावाड्यास काम आहे. गोकाकला मात्र डांबरी रस्ता कड्याजवळ पोहोचतो. प्रवाशास ते सुखाचे आहे. पण ज्याला तेथे पोट भरायचे आहे, त्याने ही गोष्ट विसरू नये.

तरी दूधसागरही निर्धोक नाही. पावसाळ्यात जीपगाड्या बंद असतात, नावाही बंद असतात. जुलै २०२३ मध्ये गोव्यात एका धबधब्यावर माणसे बुडाल्यानंतर अभयारण्यांतील धबधब्यांवर जाण्यास वनखात्याने बंदी घातली. रेल्वेनेही रुळांवरून चालत दूधसागरला जाऊ नका, असे लोकांस बजावले. एका दिवसात सारा हंगाम असा थांबू शकतो.

आणि मुंबईतील अंधेरीचा गिल्बर्ट हिल पाहा. तेथेही खडकाचे तसेच उभे खांब, सुमारे साठ मीटर उंच. परंतु खाणीने तो कुरतडला आणि घरे पायथ्याशी येऊन भिडली. २००७ साली त्यास वारशाचा दर्जा मिळाला, तोवर पुष्कळ काही हातचे गेले होते. म्हणून दुसरा प्रश्न महत्त्वाचा. एकदा मोडलेला कडा पुन्हा बांधता येत नाही.

गोडचिनमलकी

परतताना आम्ही वाट वाकडी करून मार्कंडेय नदीवरील गोडचिनमलकीचा धबधबा पाहिला. गोकाकच्या मानाने हा धाकटा भाऊ. नदी दोन टप्प्यांनी उतरते. पहिली उडी सुमारे पंचवीस मीटरांची, दुसरी अठरा. पुढे हीच मार्कंडेय घटप्रभेस मिळते. येथे गर्दी थोडी, झाडी दाट आणि आवाज सौम्य. वाळूच्या दगडाचे थर वहीच्या पानांसारखे एकावर एक रचलेले स्पष्ट दिसतात. आम्ही एका झाडाखाली डबा सोडला. सौभाग्यवतींनी भाकरी आणि सुक्या बांगड्याची चटणी वाढली, आणि गोकाकहून घेतलेला करदंट शेवटी वाटला. सुकामेवा, डिंक आणि गूळ यांचा हा पदार्थ वाचकांनी अवश्य चाखावा.

काठावर चार तरुण शेवाळलेल्या दगडावरून खाली उतरत होते. एकाचा पाय घसरला. सोबत्याने मनगट धरले म्हणून तो वाचला. ते हसले, परंतु आमच्या काळजाचा ठोका चुकला. पुतण्या उठला, त्यांच्याजवळ गेला आणि शांतपणे म्हणाला, "भावांनो, वर या. हा दगड ओला असताना बर्फासारखा असतो. वरून मी तुम्हांला याहून चांगली गोष्ट दाखवतो." आणि त्याने त्यांना खरोखरच, सकाळी रस्त्याकडेला पाहिले होते तसे थर आणि त्या वाळूच्या वळ्या शोधून दाखविल्या, नालाचा आकार कसा होतो ते समजावले, गेंड्याची गोष्ट सांगितली. ते तरुण अर्धा तास तेथे बसून होते. जाताना एकाने विचारले, "दादा, तुम्ही इथले गाईड काय?"

पुतण्या लाजला. आम्ही आणि सौभाग्यवतींनी एकमेकांकडे पाहिले.

वहीतला निकाल

रात्री घरी तिघांनी आपापले गुण मांडले. खडकाच्या कथेला गोकाकला तिघांनीही दहापैकी नऊ दिले. अभंगतेत सहा; कारण गिरणी, पूल आणि वीजघर यांनी दृश्य बदलले असले, तरी तेही आता इतिहासाचाच भाग झाले आहेत. पोहोचण्याच्या सोयीला आठ, परंतु ओल्या काठाच्या धोक्यापायी दोन वजा. ऋतूच्या प्रश्नास पुतण्याने स्वतःच चार लिहिले. पाचव्यासही चार. सहाव्या प्रश्नाचे गुण सौभाग्यवतींनी स्वतःच्या हाताने लिहिले, आणि ते आम्ही येथे सांगत नाही. त्या एवढेच म्हणाल्या, की देशातील पुष्कळशा स्थळांस त्या एवढेच गुण देतील.

मग आम्ही पुतण्यास विचारले, "आता सांग, शेत विकावे काय?"

तो वहीकडे पाहत राहिला. शेवटी म्हणाला, "खोल्यांसाठी नको. ते गणित बसत नाही. पण काका, ऋतूच्या प्रश्नाला मी चार गुण दिले, ते पाण्याचे दिले. दगड तर बारा महिने असतो. उलट पाणी ओसरल्यावरच कडा नीट दिसेल, नाही का?"

हे आमच्या ध्यानात आले नव्हते, हे कबूल केले पाहिजे. आम्ही त्या स्थळाकडे धबधबा म्हणूनच पाहत होतो. शाळांच्या सहली निघतात त्या डिसेंबर-जानेवारीत. त्या वेळी पाणी थोडे, ऊन सौम्य, दगड कोरडा आणि पाय टिकणारा. मुलांना भूगोलाच्या पुस्तकातला धडा समोर उभा करून दाखविता येईल असा तोच काळ. ज्यास जीप नको, नाव नको, खोल्या नकोत, फक्त जाण आणि जीभ हवी, असा हा धंदा. तो अल्प आहे; त्यावर घर चालणार नाही. परंतु भाताची कापणी आणि मळणी उरकल्यावर, शेत विसावलेले असते तेव्हाच तो येतो. शेतकऱ्याला याहून सोयीचा जोडधंदा कोणता?

दुसऱ्या दिवशी आम्ही वहिनींना दूरध्वनीवरून निकाल कळविला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बांध या पावसात एका ठिकाणी ढासळला आहे. त्याला सांगा, आला की आधी तो बसवायचा." आम्हांस त्यांचे उत्तर समजले.

पुढे जानेवारीत एका शाळेची चाळीस मुले तो गोकाकला घेऊन गेला. आम्हीही कुतूहलाने बरोबर गेलो. पाण्याच्या दोन-तीनच बारीक धारा कड्यावरून उतरत होत्या. एवढ्यासाठी का आलो, असे एक शिक्षक कुजबुजले. पुतण्याच्या पिशवीत एक भिंग, एक लोखंडी खिळा आणि लिंबू होते. चुनखडीवर लिंबू पिळले तर बारीक फेस येतो, या दगडावर येत नाही, हे त्याने करून दाखविले. खिळ्याने दगडावर रेघ ओढायला सांगितले. दगडावर ओरखडा उठला नाही, खिळ्याचेच लोखंड दगडावर उमटले. मग त्याने मुलांना कड्यापासून दूर, एका रांगेत बसविले, आणि तो नालाचा आकार कोरड्या कातळात बोटाने आखून दाखविला. ज्या शिक्षकांनी कुरकुर केली होती, त्यांनीच परतताना त्याला पुढल्या वर्षीची तारीख विचारली. त्या दिवशी त्याच्या हाती पडले ते फार नव्हते. त्यातून त्याने वहिनींसाठी करदंटाची एक पेटी घेतली.

वाचकहो, आपल्यापैकी कित्येकांच्या गावाशेजारी असा एखादा कडा, ओढा, गुहा किंवा नवलाचा दगड असेल. त्याच्या जिवावर काही करावे असे घरातील तरुणांस वाटले, तर त्यांना हसू नका, आणि घाईने जमीनही विकू देऊ नका. एक वही घ्या, सहा प्रश्न लिहा आणि एका रविवारी सारे मिळून जाऊन या. पावसाळ्यात जात असाल तर मुलांचे हात सोडू नका, ओल्या खडकावर आणि नदीच्या पात्रात उतरू नका. वरच्या धरणाचे पाणी सुटले म्हणजे ते क्षणात वाढते. आणि शक्य झाले तर त्याच ठिकाणी पुन्हा एकदा हिवाळ्यातही जा.

वहिनींचा बांध पुन्हा उभा राहिला आहे. तो बसविताना पुतण्याने प्रत्येक दगड उलटून-पालटून पाहिला म्हणे, आणि एका दुपारच्या कामाला दोन दिवस लावले. वहिनींची तेवढी एकच तक्रार आमच्याकडे आली आहे.